कुणी पाळत ठेवतंय अशी शंका येतेय? फोनपासून खोलीपर्यंत काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

शंका आली की बहुतेक जण दोन गोष्टी करतात. एक म्हणजे त्याच फोनवर "फोन हॅक झालाय हे कसं ओळखायचं" असं सर्च करतात, आणि दुसरं म्हणजे स्टोअरवर जे पहिलं अँटी-स्पाय अ‍ॅप दिसेल ते टाकून मोकळे होतात. दोन्ही नका करू. फोनमध्ये खरंच काही बसवलेलं असेल तर तुमचा तो सर्च समोरच्याला दिसू शकतो आणि तो सावध होतो, आणि ती अ‍ॅप्स बऱ्याचदा हिरवी टिक दाखवून जाहिराती चालवण्यापलीकडे फारसं काही करत नाहीत. आयफोनवर तर एका अ‍ॅपला दुसऱ्या अ‍ॅपच्या आत डोकावताच येत नाही, त्यामुळे "तुमचा आयफोन स्कॅन केला, सगळं स्वच्छ" म्हणणारं अ‍ॅप नक्की काय स्कॅन करतं हे त्यालाच ठाऊक. तेव्हा जमलं तर हे सुद्धा दुसऱ्या कुणाच्या, विश्वासातल्या माणसाच्या फोनवर वाचा.

अजून एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. लोक भिंतीतले मायक्रोफोन शोधत बसतात आणि त्यांचं ईमेल मात्र घरातल्या जुन्या टॅबलेटवर महिनोन्महिने उघडं पडलेलं असतं. पाळत ठेवणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच निघतो, त्याला पासवर्ड माहीत असतो किंवा तुमचा अनलॉक केलेला फोन थोडा वेळ त्याच्या हातात आलेला असतो, हॅकिंगमधला ह सुद्धा त्याला येत नसतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी अकाउंट, मग फोन, मग कॉम्प्युटर, मग बॅग आणि गाडी, आणि खोली सगळ्यात शेवटी.

आधी बसून विचार करा: त्याला नक्की काय काय कळतंय?

फोन गरम होतो, बॅटरी लवकर उतरते, कॉलवर खरखर येते ही लक्षणं सगळीकडे सांगितली जातात पण त्यावर विसंबू नका. जुन्या बॅटरीचा फोन गरम होतोच, आणि चांगलं लिहिलेलं स्पायवेअर, म्हणजे पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर, बॅटरीत जाणवत सुद्धा नाही. *#२१# डायल करून "तुमचा फोन टॅप होतोय का बघा" वाले मेसेज पण फिरत असतात, त्या कोडने फक्त कॉल फॉरवर्डिंग चालू आहे का एवढंच कळतं, टॅपिंगबिपिंग नाही. अर्थात फॉरवर्डिंग तपासणं वाईट नाही, कुणी तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवून ओटीपी वाले फोन घेऊ शकतो, आणि बऱ्याच नेटवर्कवर ##००२# ने सगळं फॉरवर्डिंग एकदम बंद होतं. पण तेवढंच.

खरं लक्षण एकच, समोरच्याला अशी गोष्ट माहीत असणं जी त्याला माहीत असायचं काही कारणच नाही. तेव्हा कागद घ्या, हो कागदच, फोनमधलं नोट्स अ‍ॅप नाही, आणि लिहून काढा की त्याला काय कळलं आणि ती माहिती कुठे कुठे होती. त्याला फक्त तुम्ही कुठे जाता ते कळतंय? मग लोकेशन शेअरिंग किंवा ट्रॅकर. चॅटमधली वाक्यं जशीच्या तशी कळतायत? मग लिंक केलेलं डिव्हाइस. फोटो? मग क्लाउड बॅकअप. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून बोललेलं सुद्धा कळतंय? तेव्हा कुठे खोलीतल्या मायक्रोफोनचा विचार सुरू करायचा. नुसत्या या कागदावरून अर्धं काम होतं. आणि तरीही कळत नसेल तर दोन निरुपद्रवी खोट्या गोष्टी पेरा, एक फक्त ईमेलमध्ये, एक फक्त एकाच चॅटमध्ये, आणि कोणती परत कानावर येते बघा. समोरचा माणूस मारहाण करणारा किंवा धमक्या देणारा असेल तर मात्र हा खेळ खेळू नका.

याच मुद्द्यावर अजून थोडं. काही सापडलं की लगेच काढून टाकायची घाई होते, ते साहजिक आहे, पण काढलं की समोरच्याला कळतं कारण त्याच्याकडे येणारी माहिती अचानक बंद होते. हिंसक जोडीदार किंवा पाठलाग करणारा असेल तर हा क्षण धोक्याचा असतो. आधी दुसऱ्या फोनवरून पोलिसांशी, वकिलाशी किंवा या विषयात मदत करणाऱ्या संस्थेशी बोला, तुम्ही कुठे राहाल, बरोबर कोण असेल ते ठरवा, मग हात लावा. दुसरं कारण पुराव्याचं. अ‍ॅप डिलीट केलं की अ‍ॅप कधी बसवलं, काय परवानग्या होत्या हे सगळं जातं. स्क्रीनशॉट घेऊ नका, तो तुमच्याच क्लाउडमध्ये जातो आणि तिथे कोण बघतंय माहीत नाही, दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढा, तारीख वेळ दिसेल असा.

अकाउंट

हे काम दुसऱ्या, स्वच्छ डिव्हाइसवरून करायचं. गूगल अकाउंटमध्ये सिक्युरिटीच्या पानावर "युअर डिव्हायसेस" म्हणून यादी असते, तिथे जे जे फोन कॉम्प्युटर तुमच्या अकाउंटमध्ये लॉगिन आहेत ते दिसतात. अ‍ॅपलमध्ये सेटिंग्ज उघडून वरती तुमच्या नावावर टॅप केलं की खाली अशीच यादी येते. अनोळखी काही दिसलं तर फोटो काढून ठेवा आणि मग साइन आउट. त्यानंतर पासवर्ड बदला, असा की जो आधी कुठेही वापरलेला नाही आणि ज्यात कुणाचा वाढदिवस नाही.

आता जे बहुतेकांच्या लक्षातून सुटतं ते. पासवर्ड बदलला तरी जीमेलमध्ये कुणी आधी फॉरवर्डिंग लावून ठेवलेलं असेल तर मेल त्याच्याकडे जातच राहतात, म्हणजे कुलूप नवीन आणि मागची खिडकी उघडी. जीमेल कॉम्प्युटरवर उघडा, सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंगचा टॅब आणि फिल्टर्सचा टॅब दोन्ही बघा. फिल्टर जरा हुशार प्रकार आहे, कारण त्यातून ठरावीक शब्द असलेले मेलच फक्त पुढे जातात आणि तुमच्याकडून आर्काइव्ह सुद्धा होतात, म्हणजे इनबॉक्समध्ये काही दिसतच नाही. मग रिकव्हरी ईमेल आणि रिकव्हरी फोन नंबर बघा, तिथे जुना किंवा दुसऱ्याचा नंबर असेल तर तुम्ही कितीही पासवर्ड बदला, तो परत आत येऊ शकतो. टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर अजून एक कोड मागणारी सोय, चालू करा आणि शक्यतो एसएमएस ऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप किंवा सिक्युरिटी की घ्या, कारण फोनवर स्पायवेअर असेल तर एसएमएस तर तो वाचतोयच. हे अ‍ॅप सुद्धा स्वच्छ डिव्हाइसवर, संशयातल्या फोनवर नाही.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये "लिंक्ड डिव्हायसेस" उघडा. एका अकाउंटला चारपर्यंत डिव्हाइस जोडता येतात आणि एकदा क्यूआर कोड स्कॅन केला की तुमचा फोन बंद असला तरी ते चालतात. तुम्ही अंघोळीला गेलात तेवढ्या वेळात सुद्धा हे होऊ शकतं, आणि त्याला ना अ‍ॅप लागतं ना पैसे. यादीत "शेवटचं अ‍ॅक्टिव्ह" ची वेळ दिसते, ती रात्री तुम्ही झोपलेले असतानाची असेल तर उत्तर मिळालं. टेलिग्राममध्ये "डिव्हायसेस" आणि सिग्नलमध्ये "लिंक्ड डिव्हायसेस" अशी यादी असते. गूगल मॅप्समधलं लोकेशन शेअरिंग, आयफोनवरचं फाइंड माय, फोटोंचे शेअर केलेले अल्बम, कॅलेंडर, टॅक्सी आणि खरेदीच्या अ‍ॅपमधले लॉगिन, हे पण एकेक करून बघा, कंटाळवाणं आहे पण करा.

अँड्रॉइड फोन

आधी लॉक बघा. पिन तर बदलाच, पण फिंगरप्रिंटच्या सेटिंगमध्ये किती बोटं नोंदवलेली आहेत ते मोजा. तुम्ही दोन बोटं टाकलीत आणि तिथे तीन दिसतायत तर तिसरं कुणाचं? ही गोष्ट दिसायला फालतू वाटते पण याच्यामुळे पिन दहा वेळा बदलला तरी काही उपयोग होत नाही. आयफोनवर याचीच बहीण म्हणजे फेस आयडीमधला "अल्टरनेट अपिअरन्स", म्हणजे दुसरा चेहरा नोंदवायची सोय. तिथे दुसरा चेहरा आधीच टाकलेला असेल आणि तो तुम्ही टाकलेला नसेल तर फेस आयडी रीसेट करून नव्याने लावा.

बाजारात मिळणारं पाळतीचं अ‍ॅप, ज्याला स्टॉकरवेअर म्हणतात, ते बहुतेक वेळा प्ले स्टोअरवरून येत नाही, बाहेरून फाइल डाउनलोड करून टाकतात, आणि त्यासाठी बहुतेकदा आधी प्ले प्रोटेक्ट, म्हणजे फोनमधली गूगलची सुरक्षा तपासणी, बंद करावी लागते. म्हणून प्ले स्टोअर उघडा, प्रोफाइलच्या चित्रावर टॅप करा, प्ले प्रोटेक्टमध्ये जा. ते बंद असेल आणि तुम्ही बंद केलेलं नसेल तर ही मोठी खूण आहे. चालू करून स्कॅन करा. मग सेटिंग्जमध्ये शोधपट्टी असते, त्यात एकेक शब्द टाकून या यादी उघडा: "अननोन अ‍ॅप्स" म्हणजे कोणत्या अ‍ॅपला बाहेरून इन्स्टॉल करायची परवानगी दिलीय, "अ‍ॅक्सेसिबिलिटी" म्हणजे कोणाला स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं, "नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस" म्हणजे कोणाला तुमचे मेसेज येताक्षणी दिसतात, आणि "डिव्हाइस अ‍ॅडमिन". मेनूची नावं कंपनीनुसार थोडी इकडेतिकडे असतात म्हणून शोधपट्टीच बरी.

यातली अ‍ॅक्सेसिबिलिटी सगळ्यात महत्त्वाची. ही सोय मुळात दृष्टी अधू असलेल्यांसाठी वगैरे आहे, पण तिच्यातून अ‍ॅपला स्क्रीनवरचा मजकूर वाचता येतो आणि बटणंसुद्धा दाबता येतात, त्यामुळे स्टॉकरवेअरला तीच हवी असते. तिथे "सिस्टम सर्व्हिस", "सिंक", "वायफाय सर्व्हिस", "डिव्हाइस हेल्थ" असलं काहीतरी साधंसुधं नाव आणि गिअरचं चित्र दिसेल. नावावर जाऊ नका, त्यावर टॅप करून अ‍ॅप इन्फो बघा. फोनसोबत आलेल्या सिस्टम अ‍ॅपला साधारण अनइन्स्टॉल नसतं, डिसेबल असतं. "सिस्टम" नाव लावून फिरणाऱ्या अ‍ॅपला अनइन्स्टॉलचं बटण असेल तर संशय घ्या. आणि अनइन्स्टॉल आहे पण फिकट झालंय, दाबलं जात नाही, तर ते डिव्हाइस अ‍ॅडमिन करून ठेवलेलं असतं. आधी अ‍ॅडमिनच्या यादीतून त्याची टिक काढा, मग परत या, बटण चालू झालेलं असेल. तरीही अडवत असेल तर फोन सेफ मोडमध्ये चालू करा, बऱ्याच फोनवर पॉवर ऑफच्या चिन्हावर बोट दाबून ठेवलं की तो पर्याय येतो, त्यात बाहेरची अ‍ॅप्स चालत नाहीत आणि मग काढता येतं.

अँड्रॉइड १२ पासून कॅमेरा किंवा माइक चालू असला की वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण येते आणि प्रायव्हसी डॅशबोर्डमध्ये कोणत्या अ‍ॅपने माइक, कॅमेरा, लोकेशन कधी वापरलं ते वेळेसकट दिसतं. आयफोनवर आयओएस १४ पासून माइकला नारिंगी आणि कॅमेऱ्याला हिरवा ठिपका. उपयोगी आहे, पण ठिपका दिसला नाही म्हणजे सुटलो असं नाही, कारण स्क्रीन बंद असताना तो बघणार कोण.

आयफोन

जेलब्रेक न केलेल्या, म्हणजे अ‍ॅपलची बंधनं तोडून मोकळा न केलेल्या आयफोनवर लपलेलं अ‍ॅप बसवणं सर्वसाधारण माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे, तिथे गळती जवळपास नेहमी अ‍ॅपल अकाउंटमधून होते, म्हणजे वरचं अकाउंटचं काम केलंत तर मोठा भाग झाला. त्याशिवाय सेटिंग्ज, जनरल, "व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट" इथे कुठलं प्रोफाइल, म्हणजे बाहेरून फोनवर ताबा ठेवायची सेटिंग, बसवलेलं आहे का बघा, ऑफिसचा फोन नसेल तर तिथे काहीच नसायला हवं. आयओएस १६ पासून प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये "सेफ्टी चेक" आहे, त्यात कोणाबरोबर काय शेअर होतंय ते एकेक करून दाखवतात आणि तिथेच बंद करता येतं. मधेच कुणी आलं तर पटकन बाहेर पडायला "क्विक एग्झिट" पण आहे, ज्याने हे डिझाइन केलं त्याने खरंच विचार केलाय.

पेगासस वगैरेचं काय?

हे प्रत्येक जण विचारतोच. इस्रायलच्या एनएसओ ग्रुपचं हे स्पायवेअर २०१६ मध्ये पहिल्यांदा उघडकीला आलं, आणि २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलिंगमधल्या त्रुटीतून सुमारे १४०० लोकांना लक्ष्य केलं गेलं, कॉल उचलायची पण गरज नव्हती. हे महागडं हत्यार आहे, सरकारांना विकलं जातं, आणि पत्रकार, वकील, कार्यकर्ते, विरोधी नेते यांच्यावर वापरलं गेलेलं आहे. तुम्ही त्यातले नसाल तर यावर डोकं शिणवू नका. असाल तर वरच्या यादींमध्ये ते दिसणार नाही. अ‍ॅपलकडून धोक्याची सूचना आली तर ती थेट अ‍ॅपल अकाउंटमध्ये लॉगिन करून पडताळा, मेलमधल्या लिंकवरून नाही. आयफोनवर लॉकडाउन मोड, म्हणजे हल्ल्याला वाव देणाऱ्या बऱ्याच सोयी बंद करणारी सेटिंग, लावा, फोन नेहमी अपडेट ठेवा, अधूनमधून रिस्टार्ट करा कारण यातली बरीच स्पायवेअर रिस्टार्टनंतर टिकत नाहीत, आणि फोन रीसेट न करता तज्ज्ञांकडे न्या. अ‍ॅम्नेस्टीच्या सिक्युरिटी लॅबचं मोबाइल व्हेरिफिकेशन टूलकिट २०२१ पासून फुकट आहे पण ते कमांड लाइनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर आज्ञा टाइप करून, चालतं आणि निकाल वाचायला सराव लागतो.

फॅक्टरी रीसेट

साध्या स्टॉकरवेअरवर हा रामबाण आहे, फक्त क्रम चुकवू नका. पुराव्याचे फोटो झाले, दुसऱ्या डिव्हाइसवरून पासवर्ड बदलले, मग रीसेट. रीसेटनंतर पूर्ण बॅकअप परत ओतू नका, फोटो आणि कॉन्टॅक्ट घ्या आणि अ‍ॅप्स एकेक करून स्टोअरवरून नव्याने टाका. पासवर्ड न बदलता रीसेट केलं तर नवीन फोनवर तोच पाहुणा पहिल्याच दिवशी हजर.

कॉम्प्युटर

इथे आधी डोळ्यांनी बघा. डेस्कटॉपच्या मागे कीबोर्डची वायर जिथे यूएसबीत जाते तिथे मध्ये छोटं बोंडाएवढं काही अडकवलेलं असेल तर तो हार्डवेअर कीलॉगर असू शकतो, तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण तो आत साठवतो आणि कुठलाही अँटीव्हायरस त्याला सहसा पकडत नाही. विंडोजवर एनीडेस्क, टीमव्ह्यूअर असली रिमोटची सॉफ्टवेअर तुम्ही न टाकता आहेत का बघा, मग मायक्रोसॉफ्टचंच फुकट "ऑटोरन्स" चालवा, कॉम्प्युटर सुरू होताना काय काय आपोआप चालू होतं ते त्यात दिसतं, आणि डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन करा, ते विंडोज सुरू व्हायच्या आधी चालतं म्हणून लपलेलं पण सापडायची शक्यता जास्त. मॅकवर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत स्क्रीन रेकॉर्डिंग, अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि फुल डिस्क अ‍ॅक्सेस कोणाला दिलाय ते बघा. ब्राउझरची एक्स्टेन्शन्स विसरू नका. राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड त्याच दिवशी बदलून टाका.

बॅग आणि गाडी

एअरटॅग, म्हणजे अ‍ॅपलचा वस्तू शोधायचा छोटा ट्रॅकर, साधारण ३२ मिलिमीटर रुंद असतो, बॅगच्या अस्तरात, कोटाच्या शिवणीत, सीटच्या खिशात सहज मावतो. अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरत असेल तर आयफोन सांगतो, आणि अँड्रॉइड ६ पासून पुढच्या फोनवर सुद्धा ही सूचना येते, फक्त ब्लूटूथ आणि लोकेशन चालू हवं. सूचना लगेच येत नाही, म्हणून अँड्रॉइडच्या सेफ्टी सेटिंग्जमधून "अननोन ट्रॅकर अलर्ट्स" उघडून हाताने स्कॅन करा, आणि ते घरापासून लांब, मोकळ्या जागी करा म्हणजे शेजारच्यांचे टॅग त्यात येणार नाहीत. टॅग सापडला की फोनच्या मागच्या बाजूला टेकवा, त्याचा सीरियल नंबर उघडतो, आणि बऱ्याचदा मालकाच्या फोन नंबरचे शेवटचे चार आकडे पण. त्याचा फोटो आधी, मग चांदीसारखं झाकण दाबून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा आणि बॅटरी काढा. पोलिसात जायचं असेल तर टॅग टाकून देऊ नका.

गाडीतला जीपीएस ट्रॅकर वेगळा, त्यात सिम असतं. स्टीअरिंगच्या खाली ओबीडी पोर्ट, म्हणजे मेकॅनिक गाडी तपासायला यंत्र जोडतो ती खाच, असतो, तिथे काही खोचलेलं आहे का बघा. मग चाकांच्या कमानी, बंपरच्या आतली बाजू, सीटखाली, डिकीतल्या स्टेपनीच्या खाचेत हात फिरवा, चुंबक लावलेली डबी हाताला लागते. उभ्या गाडीत रेडिओ सिग्नल पकडणारा डिटेक्टर फिरवून काही न सापडणं याला अर्थ नाही, कारण बरेच ट्रॅकर गाडी थांबली की झोपतात आणि हलली की सिग्नल पाठवतात. वायरिंगला जोडलेला असेल तर मेकॅनिककडेच, तुम्ही वायरी तोडू नका.

खोली

कॅमेऱ्याला दोन गोष्टी हव्यात, नजर आणि वीज. म्हणून आधी तुम्ही कुठे झोपता, कुठे कपडे बदलता तिथे उभं राहा आणि तिथून काय काय दिसतं ते बघा. जे तुम्हाला दिसत नाही त्याला तुम्ही दिसत नाही. त्यातही चार्जर, घड्याळ, स्मोक डिटेक्टर, एक्स्टेन्शन बोर्ड यांना पहिला नंबर. खोलीत अंधार करा, टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरा आणि सावकाश, अगदी कंटाळा येईपर्यंत सावकाश फिरवा. लेन्स असेल तर बारीक ठिपका चमकतो, आणि जरा बाजूला सरकून परत बघितलं तरी तिथेच चमकतो. नंतर फोनचा कॅमेरा चालू करून बघा, रात्री पाहणाऱ्या कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे त्यात जांभळट दिसतात. तुमच्या फोनला ते दिसतात का हे आधी टीव्हीच्या रिमोटवर तपासा, बऱ्याच फोनच्या मागच्या कॅमेऱ्याला फिल्टर असतो आणि पुढच्याला नसतो.

वायफाय स्कॅन करणारी अ‍ॅप्स कामाची आहेत पण मेमरी कार्डवर रेकॉर्ड करणारा किंवा दुसऱ्याच नेटवर्कवरचा कॅमेरा त्यात येत नाही. स्वस्त आरएफ डिटेक्टर, म्हणजे रेडिओ सिग्नल पकडणारं यंत्र, राउटर, फोन, ब्लूटूथ सगळ्यावरच ओरडतो, वापरायचा तर आधी घरातलं सगळं बंद करा. आणि त्याची मर्यादा बघायची असेल तर मॉस्कोमधली गोष्ट आहे, १९४५ मध्ये अमेरिकन राजदूताला भेट दिलेल्या लाकडी राजमुद्रेत बसवलेल्या मायक्रोफोनला ना बॅटरी होती ना वायर, बाहेरून रेडिओ लहर सोडली तरच तो जागा व्हायचा, आणि तो सापडायला १९५२ उजाडलं. बंद पडलेलं किंवा सिग्नल न सोडणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण शोधायला नॉन-लिनिअर जंक्शन डिटेक्टर लागतो, तो आतले इलेक्ट्रॉनिक भाग ओळखतो, आणि तो तज्ज्ञांकडे असतो. तज्ज्ञांना बोलवायचं तर फोन त्या खोलीतून आणि त्या फोनवरून करू नका, दुसरीकडून करा, आणि ते काय काय उपकरणं आणणार, लेखी अहवाल देणार का हे आधी विचारा.

सापडलाच कॅमेरा तर उपटू नका. आधी फोटो, मग त्यावर कापड टाका, बाहेर या आणि पोलिसांना कळवा, बोटांचे ठसे आणि मेमरी कार्ड दोन्ही त्यांच्या कामाचे असतात. भाड्याची जागा असेल तर मालकाला आधी सांगायची गरज नाही.

सगळं झाल्यावर दोनेक आठवड्यांनी डिव्हाइसची यादी, लिंक्ड डिव्हायसेस आणि जीमेलचे फिल्टर परत एकदा उघडून बघा. तिथे पुन्हा तेच नाव उगवलं तर अजून एखादा पासवर्ड, रिकव्हरी नंबर किंवा फिंगरप्रिंट बदलायचा राहिलाय, कागद परत काढा.